बत्तीस मिलिमीटरचं दार

चिमणीला घर द्यायचं असेल तर दार बत्तीस मिलिमीटरचं हवं, आणि गोल. मोठं केलंत तर साळुंकी आत घुसते, लहान केलंत तर चिमणी बाहेरूनच नमस्कार करून निघून जाते. एवढी साधी गोष्ट शिकायला मला चार वर्षं लागली. तोवर मी चिमण्यांसाठी म्हणून पन्नासेक घरं बनवून विकली होती आणि त्यातल्या एकाही घरात चिमणी राहायला आली नव्हती.

“तुमच्या घरांना ओसी मिळत नाहीय,” असं सुनंदा म्हणायची. सुनंदा म्हणजे माझी बायको. मुंबईत बिल्डिंग कितीही झकास बांधा, राहायला परवानगी देणारा पालिकेचा कागद मिळाला नाही तर सगळं मुसळ केरात. माझं तसंच झालं होतं. लोक माझी घरं हौसेने घेऊन जायचे, दिवाणखान्यात ठेवायचे, पाहुण्यांना दाखवायचे. ज्यांच्यासाठी घर, त्या मात्र समोरच्या एसीच्या खोक्यामागे संसार थाटायच्या. मला त्याचं फार लागायचं. धंद्याला तोटा नव्हता, पण हाताला अपमान होता.

मी मुळात पॅटर्न मेकर. हे नाव ऐकलं की लोकांना शिवणकाम आठवतं, म्हणून सांगतो. लोखंडाचा पंप किंवा मशिनचा पाया ओतायचा तर आधी ती वस्तू जशीच्या तशी लाकडात बनवावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद उचलायची, आणि वाळूत जो पोकळ ठसा राहतो त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मी छत्तीस वर्षं हे काम केलं. केसाएवढी चूक चालत नाही. आणि इतकं सगळं करून पॅटर्न कधी गिऱ्हाइकाच्या नजरेला पडत नाही. बाहेर जातं ते लोखंड. आमचं लाकूड फळीवर धूळ खात बसतं.

मग हे काम मशिनं करू लागली आणि आमचा गाळा बंद व्हायला आला. त्याच सुमारास शेजारच्या भट्टीवरचे तावडे निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला काय द्यावं, तर मी त्यांच्या मोबाइलमधल्या फोटोवरून त्यांचं गावचं कौलारू घर लाकडात केलं, आणि नुसतं ठेवून काय करायचं म्हणून त्याला दार कोरून चिमणीचं घर केलं. तावडे रडले. मग त्यांच्या भावाला तसंच हवं झालं, भावाच्या साडूला हवं झालं. मालकांनी गाळ्याचा एक कोपरा मला वापरायला दिला आणि साठीला टेकलेला मी नव्या धंद्याला लागलो.

पण जुन्या धंद्याच्या सवयी जातात कुठे! मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंना बाल्कनीतल्या कोनाड्यात बसेल असं बरोब्बर दोन फुटी घर हवं होतं. मी माप घेतलं, घर केलं, घेऊन गेलो, आणि ते कोनाड्यात जाईना. पाच-सहा मिलिमीटर जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, छत्तीस वर्षांचा अनुभव ना तुमचा?” मी घाम पुसत टेप लावतोय, पुन्हा लावतोय. मग डोक्यात प्रकाश पडला. ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून आमच्या पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच मुळात किंचित लांब बनवलेली असते. आमचे दोन फूट जगाच्या दोन फुटांपेक्षा मोठे असतात. कोनाडा मी साध्या टेपने मोजला आणि घर माझ्या पट्टीने केलं. असली चूक करायलाही छत्तीस वर्षांचा अनुभव लागतो, पण हे बाईंना कोण सांगणार? गुपचूप रंधा मारून दिला.

दुसरी सवय मात्र फळाला आली. पॅटर्नच्या भिंती कधी सरळ उभ्या नसतात. वाळूतून उचलताना ठसा ढासळू नये म्हणून त्यांना वरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा असतो. माझा हात तो उतार आपोआप देतो, घराच्या भिंतींनासुद्धा. लोक बघून म्हणायचे, “काय बारकावा आहे! मातीच्या भिंती अश्शाच असायच्या, खाली जाड, वर बारीक.” मी गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचो. कौतुक आयतं येत असेल तर खुलासे करू नयेत.

लाकूड मी नवीन घेत नाही. उपनगरांत रोज कुठली ना कुठली जुनी बिल्डिंग पाडतात. पाडण्याआधी भंगारवाले येतात आणि दारं, खिडक्या, ग्रिलं काढून नेतात. त्या जुन्या चौकटींचं सागवान म्हणजे सोनं. माझा भंगारवाला इस्माईलभाई. साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत त्याचा मोठा वाडगा, म्हणजे पत्रे ठोकून केलेलं भंगाराचं आवार, आहे. हा माणूस लाकडावर टिचकी मारून ते कुठल्या मजल्यावरचं ते सांगतो, म्हणजे निदान तसा आव तरी आणतो. तेव्हा माझी सगळी गावाकडची घरं ही खरं तर घाटकोपर-अंधेरीच्या चौकटींची आहेत.

गिऱ्हाइकांचे नमुने किती सांगू! एकाला घराबाहेर बैलगाडी हवी, एकाला गेल्या वर्षी पडलेलं फणसाचं झाड. काही गृहस्थ विचारायचे, “सुतार का तुम्ही?” मी म्हणायचो, “नाही, पॅटर्न मेकर.” ते म्हणायचे, “तसं नव्हे हो. म्हणजे मूळचे?” मग मी सांगायचो, मूळचा जालना जिल्ह्यातला गायकवाड, जयभीम, गावाच्या कडेला आमचं एका खणाचं धाब्याचं घर होतं, त्याचं पॅटर्न करायला मला एक सकाळ पुरेल. मग ते घाईघाईने पॉलिशबद्दल विचारायचे. मला राग यायचा, आता तितका येत नाही. बारा खणांची घरं मी डोळे मिटून करतो, आणि कुणाच्या घराला किती दारं होती नि आमच्यासारख्यांना त्यातल्या कुठल्या दारापाशी थांबावं लागायचं, हेही मला ठाऊक असतं.

आणखी एक गंमत. माणूस गावच्या घराचं वर्णन करतो तेव्हा ते नेहमी मोठं सांगतो. “ही एवढी पडवी!” म्हणून हात पसरतो. नंतर फोटो सापडला की कळतं, पडवीत चार माणसं जेवायला बसली तर पाचव्याचं ताट उंबऱ्यावर. थंड झालं की लोखंड आकसतं, आठवण फुगते. एकदा मी फोटो बघून खऱ्या मापाचं घर केलं तर एक आजोबा रुसले. तेव्हापासून लोक सांगतील त्यातलं मी थोडंच कमी करतो. सगळं कमी करायचा मला काय अधिकार?

तर चिमण्या. बोरिवलीच्या एका प्रदर्शनात माझा स्टॉल होता. लिमये सर नावाचे शाळेतून निवृत्त झालेले जीवशास्त्राचे मास्तर आले, एकेका घरात बोट घालून बघितलं, नाकाशी धरून वास घेतला आणि चारचौघांत म्हणाले, “हे कुणासाठी बनवता?”

“चिमण्यांसाठी.”

“चिमणीला विचारलंत?”

सरांनी मग माझी शाळाच घेतली. “दार चौकोनी, दोन इंचांचं, यात साळुंकी येईल. दारापुढे ही दांडी कशाला? कावळ्याला बसून पिल्लं खायची सोय? आतून व्हार्निश फासलंत, वास येतोय. तळाला भोक नाही, पाणी साचेल. पत्र्यासारखं तापेल ते वेगळं. गायकवाड, तुम्ही उत्तम कारागीर आहात आणि अत्यंत वाईट बिल्डर.”

सुनंदा शेजारी बसून पावत्या फाडत होती. तिला इतकं हसू आलं की तिला उठून जावं लागलं. मी मात्र सरांचा शब्द न् शब्द वहीत लिहून घेतला. तेव्हापासून पुढचं कोरीव दार नुसतं शोभेचं. खरं दार छपराच्या तिकोनात, आढ्याखाली, बत्तीस मिलिमीटर, गोल. आतून कोरं लाकूड. तळाला भोकं, छपराखाली फट. तरीही दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. सर म्हणायचे, धीर धरा. सुनंदा म्हणायची, लाच द्या.

त्या दोन वर्षांतलंच एक घर घाटकोपरच्या इंदूताईंचं. वय सत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. कुडाळकडची बाई, पन्नास वर्षं मुंबईत राहिलेली, त्यामुळे बोलण्यात मालवणी आणि मुंबईच्या मराठीचं कालवण. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या ग्रिलवर लावायला माहेरचं घर हवं होतं. मी कागद-पेन्सिल काढली तर म्हणाल्या, “लिहितस काय? डोळे मीट आणि आयक.” आणि अर्धा तास मला खळ्यातून पडवीत, पडवीतून माजघरात फिरवून आणलं. घर लावून झाल्यावर कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “बरा झाला,” म्हणाल्या. मालवणी माणसाकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी त्यांचा फोन आला. “गायकवाडा, इली रे!”

“कोण आली?”

“माझी सवत! चिमणी इली, आणखी कोण? तोंडात गवत घेऊन तुझ्या त्या भोकातसून आत गेली!”

मी गाळ्यात उभ्याउभ्या नाचलो. साठी उलटलेल्या माणसाचा नाच काही बघण्यासारखा नसतो, पण आजूबाजूच्या गाळ्यांतून लोक आले आणि त्यांनी बघितला. सुनंदाने पेढे आणले. लिमये सरांना फोन केला तर म्हणाले, “आता तिकडे फिरकू नका. त्यांना राहू द्या.” पहिल्यांदा कुणीतरी माझ्या घरात राहायला आलं होतं. मी मनाला बजावलं, लांबूनच बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुर्बीण मागून आणली.

आता इथे घोडं पेंड खातं. इंदूताईंची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली. चौदा बिऱ्हाडं, त्यातली तेरा एव्हाना भाड्याच्या घरांत पांगली होती. इंदूताईंनाही मुलुंडला जागा बघून झाली होती, सामान बांधून तयार होतं. सगळ्या किल्ल्या एकत्र बिल्डरकडे द्यायच्या आणि सोमवारपासून भंगारवाले ग्रिलं उपटायला लागणार. आणि नेमकी तेव्हाच चिमणीला पिल्लं झालेली. इंदूताई म्हणाल्या, पिल्लं उडाल्याशिवाय मी किल्ली देणार नाही.

मला फोन आला तो सोसायटीच्या सेक्रेटरींचा. पारेख, बँकेतून निवृत्त झालेला सभ्य माणूस, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारा. “गायकवाड, तुमच्या घरामुळे माझी बिल्डिंग अडलीय हो. तेरा कुटुंबं माझ्या नावाने खडे फोडतायत. तुम्हीच लावलंत, तुम्हीच अलगद काढा आणि समोरच्या झाडावर लावा. पिल्लांना काय, घर तेच.” मग म्हणाले, “नवा टॉवर झाला की बागेत, लॉबीत अशी घरं लावायची माझ्या मनात आहे. शंभरेक. ऑर्डर तुम्हालाच.”

शंभर घरं. खोटं कशाला बोलू, मला रात्रभर कौलं दिसत राहिली. मी लिमये सरांना विचारलं. सर म्हणाले, “पिल्लं आठवड्याची असतील. उडायला अजून आठ-दहा दिवस. जागा बदलली तर आईबाप बहुधा शोधत बसतील आणि पिल्लं उपाशी मरतील.” मी त्यातला ‘बहुधा’ तेवढा ऐकला. आणि रविवारी सकाळी पिशवीत ड्रिल घालून घाटकोपरला गेलो. ही गोष्ट मी सुनंदालासुद्धा त्या दिवशी सांगितली नव्हती.

इंदूताईंनी दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. रिकाम्या घरात बांधलेली गाठोडी, एक स्टोव्ह आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. त्यांनी भांडण काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

“काढतस? काढ. तुझा घर, तूच काढ,” म्हणाल्या. “मी बघूचंय नाय.” आणि खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या.

चार स्क्रू होते. मी दोन काढले. घर जरासं हललं आणि आतून चिवचिवाट सुरू झाला. हलकासा नाही, चांगला भांडल्यासारखा. पिल्लांना वाटलं आई आली. मी कान लावला. माझ्याच हातच्या लाकडाला कान लावून मी ऐकत होतो, आणि छत्तीस वर्षांत माझ्या कुठल्या कामातून आवाज आला नव्हता. समोरच्या पाइपवर नर चिमणा चोचीत अळी धरून मला शिव्या देत होता. अळी न सोडता शिव्या कशा देता येतात हे त्याचं त्याला ठाऊक. माझी मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. मी काढलेले दोन्ही स्क्रू परत घट्ट पिळले.

बाहेर येऊन म्हणालो, “ताई, चहा आहे का?”

त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, “साखर बांधून ठेवलंय. बिनसाखरेचो चलात?”

चालला. इतका चांगला चहा मी क्वचित प्यायलो असेन.

खाली येऊन पारेखांना फोन लावला. “पारेखसाहेब, स्क्रू जॅम झालेत. निघत नाहीत.”

मग त्यांनी विचारलं, “किती दिवस जॅम आहेत?”

“दहा.”

“तेल घालून बघा, आठ दिवसांत सुटतील,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बँकेतला माणूस, मुदत वाढवून देतानाही दोन दिवस कापलेच.

पण बिल्डरचे भंगारवाले सोमवारी येणारच होते, ते पारेखांच्या हातात नव्हतं. सोमवारी सकाळी मी बिल्डिंगखाली जाऊन उभा राहिलो, भांडायच्या तयारीने. टेम्पोतून कोण उतरावं? इस्माईलभाई! कंत्राट त्यालाच मिळालं होतं. मी त्याला बाजूला घेऊन सगळी कथा सांगितली. त्याने मान वर करून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एवढ्याशा कौलारू घराकडे बघितलं.

“ये अपने सागवान का है?”

“तुझ्याच वाडग्यातलं. त्या अंधेरीच्या चाळीची चौकट.”

“चाचा, मेरा काम आख़िरी खिड़की से पहले की सब खिड़की से शुरू होता है,” तो म्हणाला. “और आख़िरी कौनसी, वो मैं बोलेगा.”

पुढचे आठ दिवस काय मजेत गेले म्हणून सांगू! चारी बाजूंनी ग्रिलं निघत होती, घणाचे आवाज येत होते, आणि इंदूताईंच्या खिडकीच्या आसपास आलं की इस्माईलची माणसं देवळात आल्यासारखी हळू बोलायची. पांगलेल्या तेरा बिऱ्हाडांतले लोक संध्याकाळी ‘काही विसरलंय का बघायला’ म्हणून यायचे आणि कंपाउंडमध्ये उभे राहून वर बघायचे. आधी पारेखांच्या नावाने खडे फोडणारे आता एकमेकांना सांगायचे, “चार आहेत. एक अशक्त आहे.” कुणी इंदूताईंना डबा आणायचं, कुणी पाणी भरून ठेवायचं. ताई मला म्हणाल्या, “पन्नास वर्षांत ह्यांनी माका कधी इतक्यांदा जेवलंस काय विचारूक नाय.” गाळ्यातलं काम टाकून मी रोज जात होतो. सुनंदाला एव्हाना ड्रिलची गोष्ट सांगून टाकली होती. ती म्हणाली, “शंभर घरांची ऑर्डर घालवलीत ना? बरं केलंत. कौलं मलाच रंगवायला लागली असती.”

आठव्या दिवशी सकाळी तीन पिल्लं उडाली. चौथं दारात येऊन बसलं. बत्तीस मिलिमीटरच्या दारात एक डोकं, पिवळी चोच, आणि चेहऱ्यावर ‘मला काही घाई नाही’. खाली मुलुंडला जाणारा टेम्पो उभा. इंदूताईंचं सगळं सामान चढलेलं, वर गादीची वळकटी. पारेख किल्ली घ्यायला आलेले. इस्माईलची माणसं घण खाली ठेवून बिड्या ओढत बसलेली. दहा वाजले, अकरा वाजले. आई समोरच्या पाइपवरून बोलावतेय, हा हलत नाही. पारेख घड्याळ बघत होते. नंतर त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं.

बाराच्या सुमाराला तो सुटला. उडाला म्हणणं धाडसाचं होईल, पडला आणि पडतापडता त्याला पंख असल्याचं आठवलं. एक गिरकी घेऊन बसला तो थेट टेम्पोवर, इंदूताईंच्या गादीवर. टेम्पोवाला म्हणाला, “काकी, हा पण येतोय का मुलुंडला?” सगळी बिल्डिंग हसली, म्हणजे कंपाउंडमधले लोक हसले. बिल्डिंगमध्ये आता कुणीच नव्हतं. दहा मिनिटांनी त्याची आई आली आणि त्याला चुचकारत कोपऱ्यातल्या गुलमोहरावर घेऊन गेली.

इंदूताईंनी कमरेची किल्ली काढून पारेखांच्या हातात दिली. रडल्या नाहीत. मी म्हटलं, “ताई, घर काढून देतो. मुलुंडच्या ग्रिलवर लावू.” त्या म्हणाल्या, “नको. चौदाव्या मजल्यार खंयची चिमणी? आणि भाड्याच्या घरात मी ऱ्हवतंय, त्येंका कशाक?” टेम्पोत पुढे बसल्या आणि गेल्या.

मी स्वतःसाठी ते घर काढायला वर गेलो तर इस्माईल आडवा आला. “हात नहीं लगाने का, चाचा. ग्रिल का कंत्राट अपना. ग्रिल पे जो है वो भी अपना.” मला वाटलं मस्करी करतोय. पण तो हटेना. मी खूप बोललो, नको ते बोललो. आठ दिवस थांबून शेवटी भंगारवाला तो भंगारवालाच, असंही म्हणालो. त्या रागात मी पुढचे पाच-सहा महिने त्याच्या वाडग्याकडे फिरकलो नाही. दुसरीकडून लाकूड आणलं, ते चिरलं, वाकलं, तरी गेलो नाही. त्या बोलण्याची रुखरुख मला अजून आहे.

शेवटी सागवानाशिवाय अडलं आणि गेलो. वाडग्यात उपटलेल्या दारांच्या थप्प्या, संडासांची भांडी, बेसिनं, ग्रिलांचे ढीग. आणि मधोमध, पत्र्याच्या सावलीत, खांबाला तारेने बांधून उभं केलेलं एक आख्खं ग्रिल. त्यावर माझं कौलारू घर, चारी स्क्रूंसकट. त्याने ते घर ग्रिलवरून काढलंच नव्हतं, ग्रिलच भिंतीतून कापून आणलं होतं. तिकोनातल्या भोकातून गवताची एक लांब काडी लोंबत होती. मी बघतोय तोवर चिमणी आली, काडी आत ओढली आणि पुन्हा गेली.

एक गिऱ्हाईक तेच ग्रिल हलवून बघत होतं. “भाई, ये कैसे दिया?”

“वो नहीं बेचने का,” इस्माईल लांबूनच ओरडला. “उसमें किरायेदार है.”

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “छोड़ो ना चाचा, चाय पिओ.” चहा पिता पिता मी इंदूताईंना फोन लावला. चौदाव्या मजल्यावर कसं काय, तर म्हणाल्या, “वारो मस्त. पण कोण येवक नाय, कोण जावक नाय.” मी पत्ता सांगितला. तासाभरात रिक्षा वाडग्याच्या तोंडाशी उभी राहिली.

इंदूताई काठी टेकत टेकत दारांच्या थप्प्यांमधून आल्या. ग्रिलसमोर थांबल्या. चिमणी आत गेली, बाहेर आली, तिने त्यांची दखल घेतली नाही. मग त्या ग्रिलला वळसा घालून पलीकडे गेल्या. जी बाजू त्यांच्या स्वयंपाकघराची होती तिकडे जाऊन उभ्या राहिल्या. मागे भंगाराचा ढीग होता, पण त्यांनी पदर खोचला, पिशवीतून मूठभर तांदूळ काढले आणि ग्रिलच्या पट्टीवर, रोजची जागा असावी तसे, एका कडेला ओतले. मी ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला, त्यांच्या अगदी समोर उभा होतो.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बाजूक हो रे गायकवाडा, उजेड अडवतस.”

मी बाजूला झालो.